पलीकडची खाच

"पहार खाली ठेव," मी म्हणालो. मेहुण्यानं ऐकलं नाही.

ओहोटीचं पाणी पार उतरलं होतं. शहरातले सात-आठ पाहुणे पँटी दुमडून उभे होते आणि तो आमचा मोठा दगड उलटवून त्यांना तारामासे दाखवत होता. दगडाची खालची ओली बाजू उन्हात उघडी पडली. तिला चिकटलेली अंडी, गोगलगाई, बारीक खेकड्यांची पळापळ. फोटो झाले. एकीनं नाक दाबलं. मग सगळे पुढच्या दगडाकडे निघाले.

"पालथा घालून जा."

"भरती घालेल की, दाजी."

भरतीला तो दगड हलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माझ्या बायकोनं या खडकांवर जन्मभर कालवं काढली आणि या धाकट्या भावाला त्यावरच वाढवलं. उलटलेला दगड होता तसा ठेवल्याशिवाय ती पुढं जात नसे. हा विसरून घरी पळाला, तर उपाशीपोटी परत धाडायची. "तुझं पांघरूण कुणी ओढून नेलं तर?" एवढंच म्हणायची. तिच्या मयताला सगळ्यात मोठ्यानं हाच रडला. रडायला काय लागतं?

एका पाहुण्यानं विचारलं, हे आजोबा कोण. घरचेच आहेत, ताई गेल्यापासून डोकं जरा फिरलंय, असं हा हसून म्हणाला.

मी गेलो, त्याच्या हातातली पहार हिसकली आणि खोल पाण्यात भिरकावली. पाहुणे काठाकडं सरकले.

मग परत येऊन दगडाला हात घातला. पहारेनं ढकलला तर तो धाडकन पडतो आणि खालचं सगळं चिरडतं. तो दोघांनी हातानं उतरवायचा असतो. इतकी वर्षं अलीकडून मी धरायचो, पलीकडून ती. एकट्यानं धरला तर तो तसूभर उचलला गेला आणि पाठीत कळ आली. अंडी सुकायला लागली होती.

पाहुण्यांना काठावर सोडून मेहुणा तणतणत आला. "दाजी, माझी पहार."

"दगड धर."

"लोकांसमोर इज्जत घालवलीत माझी."

"तुझी राहू दे. दगड धर."

तो उभाच राहिला. पाणी आमच्या घोट्यांना लागलं. मग तो पलीकडं गेला, वाकला आणि न बघताच खाचेत बोटं घातली.

"तिथं नको धरूस. ती तिची जागा आहे."

त्यानं बोटं काढली. दगडाची ती कड चाचपून पाहिली. मीही पाहिली. खाच सोडली तर सगळीकडं गुळगुळीत.

"मग कुठं धरू, दाजी?"

मी माझी बाजू धरली.

"धर तिथंच," मी म्हणालो. "आणि हळू."

दगड आवाज न करता टेकला. खाचेतल्या कालवांच्या धारेनं त्याची बोटं कापली होती, तिची कापायची तिथंच. तो ती पाण्यात धरून बसला.