बारा पंचांच्या टेबलावरचा न्यायमूर्ती

मित्रांनो, मी चांदीचं एक नाणं आहे. फिलाडेल्फियाची टाकसाळ माझी माय. माझ्या एका अंगावर अमेरिकेचे थोर सरन्यायाधीश, न्यायमूर्ती जॉन मार्शल यांचा चेहरा आहे, दुसऱ्या अंगावर त्यांच्या जुन्या न्यायालयाचं दालन. मी कसाही पडलो तरी न्यायाच्याच पदरात पडेन, असं मला वाटे.

व्हर्जिनियातल्या एका कोर्टाच्या म्हाताऱ्या कारकुनाने मला मखमली डबीत ठेवलं होतं. रविवारी चर्चहून आला की तो डबी उघडायचा आणि मला फक्त कडांनी धरायचा. चेहऱ्यावर डाग पडू नये म्हणून. तो गेला. मग त्याचा मुलगा वेंडल मला खिशात टाकून फिरू लागला. किल्ल्यांनी माझा गाल खरवडला. तेही मी सोसलं. पण त्या शुक्रवारचं मात्र अजून डाचतं.

वेंडल तेव्हा एका खटल्यात ज्युरीचा, म्हणजे निकाल देणाऱ्या गावकरी पंचांचा, मुख्य होता. लेलंड क्रम्प या गड्याने मालकाचं तंबाखूचं कोठार पेटवलं की नाही, हे बारा जणांनी एकमताने ठरवायचं होतं. पेटवलं म्हटलं, तर लेलंडची पाच वर्षं तुरुंगात. दोन दिवस झाले, सहा इकडे, सहा तिकडे. आणि संध्याकाळी शाळेचा फुटबॉलचा सामना.

"माझा पोरगा आज पहिल्यांदा उतरतोय," एक जण कुरकुरला. "लेलंड काय, कुठं पळून जात नाही."

वेंडलने मला बाहेर काढलं. "हे बघा, साक्षात न्यायमूर्ती. चेहरा आला तर दोषी, कोर्ट आलं तर सुटला. आपल्या माथी पाप नको."

सगळे हसले. हायसं वाटलं त्यांना. माझी मात्र चांदी तापली. ज्यांचं नाव मिरवत मी जन्मलो, त्यांच्या आड ही माणसं आपला आळस दडवत होती. चोराने देवाची शाल पांघरावी, तसं.

मी वर गेलो, टेबलावर गरगरलो, आडवा झालो न झालो तोच एक सुरकुतलेला तळवा माझ्यावर थापकन बसला. बारांतल्याच एक, अर्ध्या गावाला चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलेल्या ओडेसा प्रुइटबाईंचा.

"हात काढा ना, बाई," वेंडल म्हणाला.

"नाही काढत. लहानपणी तू पाठांतर न करता नुसते ओठ हलवायचास, वेंडल. तेव्हा सोडलं तुला. आज नाही."

"सामना सुरू होईल हो."

"होऊ दे. साक्षीदाराने नक्की काय पाहिलं, ते सांग आधी."

वेंडलने डोकं खाजवलं. "पळणाऱ्याची पाठ. आणि पिवळी टोपी, बियाण्यांच्या दुकानाने वाटलेली."

"आणि तुझ्या गुडघ्यावर काय आहे?"

वेंडलने खाली पाहिलं. तीच टोपी. समोरच्या खिडकीत इतर पंचांच्या तशाच आणखी दोन वाळत पडल्यासारख्या पडल्या होत्या.

मग कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. सामना संपायच्या आत लेलंड आपल्या घरी पोचला. ओडेसाबाईंनी मला न बघताच मुठीत उचललं आणि वेंडलच्या हाती दिलं. त्याने मला पुन्हा डबीत ठेवलं. कडांनी धरून.

त्या तळव्याखाली माझी कोणती बाजू वर होती, मला ठाऊक आहे. सांगणार नाही. मित्रांनो, मला जपा, हवं तर विसरा. पण जे तुम्ही बघून ठरवायचं, ते माझ्या गळ्यात घालू नका. माझे डोळे कोरलेले आहेत. तुमचे नाहीत.