एक अख्खा शेअर

शून्य पूर्णांक सदतीस.

“पापलेट नाय आज, बाय. मांदेली ने. चकचकीत हाय बघ.”

लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरण्याआधी मेन स्विचला कुलूप लावायचं आणि चावी स्वतःच्याच खिशात ठेवायची.

फिनलंडमध्ये मार्चमध्येही बर्फ असतं.

“श्रेया, माझे शेअर खंय गेले?”

हा शेवटचा प्रश्न श्रेयाच्या बाबांचा, जयवंत परबांचा. लालबागच्या खोलीत ते लॅपटॉपसमोर बसले होते. चष्मा कपाळावर, बोट स्क्रीनवर. त्यांच्या नावापुढे एवढंच उरलं होतं: शून्य पूर्णांक सदतीस.

“विकले, बाबा. गेल्या आठवड्यात. तुम्हीच म्हणालात ना, बघ काय ता.”

“बघ म्हटलंय. इक म्हटलंय?”

नॉर्दलिफ्ट ही फिनलंडची लिफ्ट बनवणारी कंपनी. बाबा तिथे मेकॅनिक म्हणून लागले आणि मेकॅनिक म्हणूनच निवृत्त झाले. दरमहा पगारातून थोडं थोडं कापून घेत कंपनीने त्यांना आपले चौदा शेअर दिले होते. डिव्हिडंडातून आणखी एका शेअरचा तुकडा जमला होता. सगळे तिकडच्याच एका ब्रोकरकडे. ते खातं श्रेया बघायची, कारण ऑफिसात ती हिशेबाचंच काम करायची आणि घरात पासवर्ड तिलाच आठवायचे.

आणि तिला ते खातं डोळ्यांसमोर नको झालं होतं. वर्षाला सांभाळण्याची फी. डिव्हिडंड आला की तिकडचा कर आधीच कापलेला. इकडे रिटर्न भरताना परदेशातल्या मालमत्तेचा वेगळा तक्ता, त्यात एक ओळ राहिली तर नोटीस यायची धास्ती. या सगळ्यावर कडी म्हणजे दर फेब्रुवारीत ‘नोंदणी शुल्क’ म्हणून एक रक्कम जायची आणि उरलासुरला डिव्हिडंड गिळून टाकायची. ब्रोकर म्हाताऱ्या माणसाला लुटतोय, असं तिचं पक्कं मत होतं. म्हणून विकले. पैसे थेट परळच्या बँकेत घेतले. तुकडा विकला जात नव्हता, तो राहिला.

“तो लुटणा नाय गो,” बाबा म्हणाले. “ती फी मीच भरतंय. मागून घेवन.”

“मागून? कशाला?”

तेव्हा तिला पहिल्यांदा कळलं. शेअर बाबांचे असले तरी कंपनीच्या यादीत नाव ब्रोकरचं असतं. वार्षिक सभेत भागधारक म्हणून प्रश्न विचारायचा तर त्या यादीत स्वतःचं नाव चढवावं लागतं. त्याची फी वेगळी. बाबा मोबाइलवर भाषांतर करून करून ते पत्र दर वर्षी स्वतः पाठवायचे.

“काय विचारता तुम्ही त्यांना?”

बाबांनी कंपनीचा एक जुना वार्षिक अहवाल उघडला. हिरवी झाडं, हसणारी माणसं, आणि एका पानावर छोटासा रकाना. कामावर असताना मृत्यू: शून्य.

“ह्या साली धर्मा गेलो,” बाबा म्हणाले.

धर्मा तांडेल वरळी कोळीवाड्यातला. बाबांबरोबर त्याच लिफ्टमध्ये, त्याच ग्रीसमध्ये वर्षानुवर्षं काम केलेला, पण कंत्राटी. परळच्या एका टॉवरमध्ये तो खड्ड्यात असताना वर कोणीतरी मेन स्विच चालू केला. कायम कामगारांना कंपनी कुलूप द्यायची, कंत्राटी माणसांना नाही. अहवालात मोजायचे तेही फक्त कायम.

सहा सभांमध्ये बाबांनी धर्माचं नाव घालून एकच प्रश्न पाठवला होता: कंत्राटी माणूस मेला तर तो कुठल्या पानावर असतो? सहा वेळा तीन ओळींचे आभार आले. या वेळी मात्र मेल आली होती. प्रश्न अध्यक्ष स्वतः सभेत वाचतील, पुढच्या शुक्रवारपर्यंत तुमचं नाव यादीत असेल तर.

“सदतीस टक्के माणसाक परश्न इचारूक गावत नाय,” बाबा म्हणाले आणि लॅपटॉप हळूच मिटला. ओरडले असते तर श्रेयाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दोघं बँक उघडायच्या आधीच दारात उभे.

काउंटरवरच्या सुमेधा मॅडमनी कागद वरखाली केले. “काका, हे पैसे मागच्याच आठवड्यात तिकडून आले ना?”

“आले.”

“आणि आता परत तिकडे?”

“फिराक इले होते.”

मॅडम हसल्या, मग गंभीर झाल्या. पाठवायचा चार्ज, त्यावर जीएसटी, मधली परदेशी बँक तिचं कापणार, तिकडे ब्रोकरची किमान दलाली. “काका, एका शेअरसाठी शेअरपेक्षा जास्त खर्च होतोय. चालेल तुम्हाला?”

“मॅडम, लिफ्टीत माणूस एकच असलो तरी मोटर अख्खी फिरवूक लागता.”

“माझ्या खात्यातून घ्या ना,” श्रेया मध्येच म्हणाली. “चूक माझी आहे.”

“नाही चालत. खातं ज्याचं, पैसे त्याच्याच खात्यातून जायला हवेत. आणि थोडे वरचे पाठवा. वाटेत कमी झाले तर शेअर येणारच नाही.”

चुकीची भरपाईही आपल्याला करता येत नाही, हे श्रेयाला त्या खुर्चीत बसून फार लागलं. बाबा मात्र प्रत्येक सही सावकाश, पूर्ण नावानिशी करत होते.

पैसे पोचले. शेअर आला. एक पूर्णांक सदतीस. शुक्रवारी दुपारी यादीत नाव चढल्याची मेल आली. श्रेयाने ती बाबांना दोनदा वाचून दाखवली, कारण त्यांनी दोनदा वाचायला सांगितली.

सभेच्या दिवशी सखुबाई, धर्माची बायको, बाजारातून थेट आली. मासळीची पाटी दाराबाहेर ठेवली.

“जयवंतभाव, कनाला येवढं पैशे घालवलंस?”

“बस गो वयनी. पंखो लाव, श्रेया.”

स्क्रीनवर लाकडी हॉल, खिडकीबाहेर बर्फ. अध्यक्षांनी चष्मा लावून वाचलं: मिस्टर पराब, मुंबई, एक शेअर. हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मग त्यांनी प्रश्न वाचला आणि त्यातलं नाव. डार्मा टँडेल. हसणारा थांबला.

“काय बोल्ला त्यो?” सखुबाईने विचारलं.

“धर्मा तांडेल म्हणाला, काकी.”

“आनि?”

श्रेया ऐकत ऐकत सांगत गेली. पुढच्या अहवालापासून कंत्राटी माणसंही मोजणार. मागचे अहवाल बदलता येणार नाहीत. म्हणजे त्या साली शून्यच राहणार.

सखुबाई उठली. “नाव तरी घेतलान,” ती म्हणाली. “मांदेली काढून ठेवते. आजच खावा.”

“फुडल्या वर्साक फी वाढतली हा,” बाबा म्हणाले. “मोजतत की नाय, बघूक होया.”

“भरू,” श्रेया म्हणाली.

नॉर्दलिफ्टमधल्या पहिल्या दिवशी, मेन स्विचला कुलूप लाव आणि चावी स्वतःच्याच खिशात ठेव, हे जयवंत परबांना धर्मा तांडेलने शिकवलं होतं.