काखेतला चोरखिसा

सभागृहात मुंगीला शिरायला वाव नव्हता. व्यासपीठावर नाडीबाबा डोळे मिटून बसले होते आणि म्हातारे कंपाउंडर त्यांचं डावं मनगट चाचपत होते.

"नाही लागत हो नाडी," ते पुटपुटले. शेकडो हात जोडले गेले.

"रक्त माझ्या हुकमात चालतं," बाबा म्हणाले. "तुमचा रक्तदाब उतरवणं तर माझ्या डाव्या हातचा मळ. टाका गोळ्या टोपलीत."

रांगेत गोळ्यांची पाकिटं घेऊन शिंपिणीचा धाकटा दीर उभा होता. गेल्या वर्षी याच टोपलीत तिच्या नवऱ्याने गोळ्या टाकल्या आणि तीन आठवड्यांत त्याचं अर्धं अंग लुळं पडलं, वाचाही गेली.

शिंपिणीने मागून येऊन त्याचा हात धरला. "भावजी, घरी चला."

"वहिनी, दादाची श्रद्धा कमी पडली. बाबाच म्हणाले."

ती तरातरा पुढे गेली. "बाबा, शंभर आकडे होईतो नाडी थांबवा. मग माझ्याही गोळ्या घ्या."

लोक मोजू लागले. बाबांनी दंड अंगाशी आणखी आवळला.

गेल्याच आठवड्यात तिच्याकडे बाबांच्या अंगावरचा हा झगा शिवायला आला होता, काखेत लिंबाएवढा चोरखिसा हवा म्हणून. तीस वर्षांत काखेत खिसा कुणी मागितला नव्हता. तिने दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. "हाताची धमनी काखेतून जाते," त्या म्हणाल्या. "तिथे चेंडू दाबला की मनगटाची नाडी गप्प. हृदय आपलं चालूच." मग तिने खिशाचा तळ मुद्दाम कच्च्या टाक्याने शिवला.

बेचाळीसच्या आकड्याला झग्यातून रबरी चेंडू टपकन पडला.

"लागली नाडी," कंपाउंडर म्हणाले. "चांगली घोड्यासारखी धावतेय."

"टाका कच्चा राहिला," ती म्हणाली. "श्रद्धा कमी पडली असेल."

सभागृह खदखदून हसलं. बाबा उठू लागले, पण तिने झग्याचं टोक सोडलं नाही. "ताई, माफ कर," ते कुजबुजले.

"माझी कसली माफी? घरी पडलेल्या माझ्या नवऱ्याची मागा. त्यांना 'केलं माफ' म्हणता आलं, की सोडते." पोलीस येईपर्यंत तिने मूठ उघडली नाही.

दिराने पाकिटं गुपचूप खिशात घातली.

तर मंडळी, आपण उभे राहिलो की रक्तवाहिन्या आपोआप आवळतात, हृदय वेग धरतं, म्हणून डोक्याला रक्त पोचतं. देवाने हे काम कुणा बुवाच्या हुकमावर ठेवलेलं नाही. ते बिघडलं तर डॉक्टरला दाखवा. देवाचं नाव जरूर घ्या, पण गोळी घेऊन घ्या.