ग्लोव्हबॉक्समागचा डबा

मी एक जुना इंधन जुळवणारा डबा आहे. नाव भारदस्त वाटतं, पण मित्रांनो, मी साबणाच्या वडीएवढा आणि माझं काम म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला थापा मारणं. मला त्याची लाज नाही. चांगल्या कामासाठीच मारायचो.

ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावात मर्व्ह ट्रेगेन्झाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा जन्म झाला. मर्व्ह धान्याच्या कोठारांवर फिटर होता. माझे सुटे भाग टपालाने पाकिटातून आले आणि त्याने तीन रविवार बसून ते सोल्डर केले. त्याची बायको ग्लेनिस शेजारीच पेस्टी, म्हणजे मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, लाटत असे.

"अर्ध्या टेबलावर तुझं दुकान. एक दिवस पेस्टीत तार निघेल, मग बोलू नकोस," ती म्हणायची.

"तार निघाली तर जपून ठेव, लागेल," मर्व्ह म्हणायचा.

मी कशाला हवा होतो, ते सांगतो. मर्व्हच्या स्टेशन वॅगनचे इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग, खराब झाले होते. नवे घेणं त्याच्या जिवावर आलं. त्याने भंगारातून दुसऱ्या एका दांडग्या गाडीचे इंजेक्टर आणले. ते पेट्रोल जास्त फवारणार, म्हणून मला मधे बसवलं. हवा मोजणारा सेन्सर जेवढी हवा आली म्हणेल, त्याहून थोडी कमी मी कॉम्प्युटरला सांगायची. मग तो बिचारा पेट्रोलही कमी सोडायचा आणि सगळं बेतात बसायचं.

किती कमी सांगायची, ते ठरवायला दोन आठवडे गेले. ग्लेनिस गाडी चालवायची आणि मर्व्ह शेजारी बसून, मला जोडलेल्या मांडीवरच्या छोट्या यंत्राची बटणं दाबत माझे आकडे बदलायचा.

"डोकं वर काढ की जरा. समुद्र किती छान दिसतोय," ती म्हणायची.

"तू वेग सोडू नकोस. समुद्र कुठे जात नाही."

आकडे जुळले आणि त्याने ते यंत्र काढून घेतलं. तेव्हापासून माझी वाचा गेली. मला आकडे बदलताही येईनात की कुणाला दाखवताही येईनात.

आता मर्व्हच्या गाडीवेड्यांच्या क्लबची गोष्ट. तिथल्या लोकांना गाडीत कारागिरी करायची भारी हौस, आणि ती कुणाला सापडू नये याची त्याहून जास्त. बॉनेट उघडून दहा जण वाकले आणि "काहीच बदललेलं दिसत नाही," म्हणाले, की मालकाची छाती फुगलीच. म्हणून मर्व्हने मला ग्लोव्हबॉक्सच्या, म्हणजे पुढच्या सीटसमोरच्या कप्प्याच्या मागे, काळ्या टेपात गुंडाळून कोंबलं. चिठ्ठी नाही, खूण नाही. अठरा वर्षं मी त्या अंधारात मान मोडून बसलो. पण गाडी सुरेख पळायची. लोक कौतुक करायचे, मर्व्ह मिशीत हसायचा आणि त्यातला माझा वाटा मला गुपचूप मिळायचा.

ग्लेनिस गेली. मग गेल्या वर्षी मर्व्हला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. मुलगी मेरिन दूरच्या डार्विन शहरातली नोकरी सोडून आली. दर गुरुवारी ती त्याला याच गाडीतून अ‍ॅडलेडला न्यायची. तिथे एक बाई त्याला पुन्हा बोलायला शिकवायच्या. सहा महिन्यांत तीन शब्द आले: चहा, मेरिन, नको.

मग ते भंगारातले इंजेक्टर गळायला लागले. गावातल्या मेकॅनिकने, डग हॉकिंगने, पुस्तकात पाहून कंपनीच्या मापाचे नवे बसवले.

"कुणीतरी भलतेच घातले होते गं. आता बघ कशी चालते," डग म्हणाला.

"नको," मर्व्ह म्हणाला. "नको, नको."

"बाबा, पैसे दिले मी. तू काळजी करू नकोस," मेरिन म्हणाली.

डगचं काही चुकलं नव्हतं. मी मागे आहे हे त्याला कोण सांगणार? आणि मी मात्र तीच जुनी थाप मारत राहिलो, कारण दुसरी मला येतच नाही. इंजेक्टर लहान झालेले, त्यात मी हवा कमी सांगणार, म्हणजे इंजिन उपाशी. सपाट रस्त्यावर कॉम्प्युटर सांभाळून घ्यायचा. पण अ‍ॅडलेडहून परतताना कुल्पाराचा चढ लागला की इंजिन आतून खडखडायचं. असंच चाललं तर एक दिवस पिस्टनला भोक पडणार, गाडी जाणार आणि गाडीबरोबर गुरुवारही जाणार. मला सगळं कळत होतं. माझा जीव नुसता तुटत होता.

मर्व्हलाही कळत होतं. खडखड सुरू झाली की तो डाव्या हाताने ग्लोव्हबॉक्स बडवायचा. मेरिन त्यातून रुमाल काढून द्यायची, कधी पेपरमिंट. तो ते फेकून द्यायचा.

"लहान मुलासारखं करू नकोस रे बाबा. मीही थकते," एकदा ती म्हणाली आणि तिला रडू आलं.

त्यानंतरच्या गुरुवारी उन्हाचा कहर होता. निम्म्या चढावर खडखड इतकी वाढली, की मेरिननेही ऐकली आणि गाडी कडेला घेतली. मर्व्हने ग्लोव्हबॉक्सवर हात ठेवला. ओठ बराच वेळ हलले.

"काढ," तो म्हणाला.

हा शब्द नवा होता. मेरिन त्याच्याकडे पाहतच राहिली. तिने रुमाल काढले.

"काढ."

नकाशा काढला, गोळ्या काढल्या, कप्पा रिकामा केला.

"काढ."

आता काढायला फक्त कप्पाच उरला होता. तिने तो दोन्ही हातांनी ओढून काढला आणि अठरा वर्षांनी माझ्या अंगावर ऊन पडलं. मर्व्हने माझ्या एका बाजूचा प्लग उपटला, तिने दुसरा. ते दोन्ही एकमेकांत बसतात, हे त्याने बोटानेच दाखवलं. बसवले. आता सेन्सर थेट कॉम्प्युटरशी बोलू लागला, आणि चढ संपेपर्यंत खडखड नाही. मी मर्व्हच्या मांडीवर मुकाट पडलो होतो.

मित्रांनो, तुमच्या हातात कला असेल तर खुशाल वापरा, आणि हौस असेल तर लपवाही. पण घरातल्या एका माणसाला तरी सांगून ठेवा. आम्हाला सांगता येत नाही, आणि उद्या तुम्हालाही येईलच असं नाही.

माथ्यावर मेरिनने गाडी पुन्हा थांबवली.

"बाबा, खरं सांग. अजून काय काय लपवलंयस या गाडीत?"

मर्व्हने डावा हात वर करून तीन बोटं दाखवली.

मेरिनने पर्समधून वही आणि पेन काढलं, गाडी बंद केली आणि त्याच्याकडे वळून बसली.

"सांग," ती म्हणाली. "कितीही वेळ लागू दे."