अंगणाला कच्चा टाका

शिंप्याची थोरली बहीण रिटायर होऊन त्याच्याकडे आली तेव्हा थंडी नुकती पडू लागली होती. जन्मभर तिने हॉस्पिटलचं स्वयंपाकघर चालवलं होतं. शे-दोनशे माणसांचं ताट वेळेवर वाढायची सवय. भावाचं दोन खोल्यांचं घर तिने बघता बघता चकाचक केलं आणि मागच्या अंगणाकडे मोर्चा वळवला.

भावजय होती तोवर तिथे चार कुंड्या तरी होत्या. ती गेल्यापासून नुसतं गवत, फुटक्या विटा आणि एक गंजलेली सायकल.

"बारक्या," ताई म्हणाली. शिंपी साठीला टेकला होता, पण तिच्या लेखी बारक्याच. "रविवारी माणूस बोलावते आणि खणून घेते. बाग करू."

"करू की. पण आत्ताच खणायला नको. थंडीभर जरा बघू."

"बघायचं काय त्यात?"

"ऊन कुठे पडतं, पाणी कुठे साचतं, आपण कुठून चालतो. एकदा पक्की शिलाई बसली की संपलं, ताई. आधी कच्चा टाका घालून बघावा."

दोघांनी मिळून गवत काढलं, सायकल भंगारात दिली. मग शिंप्याने दुकानातून जुन्या पडद्यांचे तुकडे आणले आणि अंगणात अंथरून कडेला विटा ठेवल्या. हिरवा तुकडा म्हणजे टोमॅटोचा वाफा, पट्ट्यापट्ट्यांचा म्हणजे वाटाणा, अस्तराचा गोल तुकडा म्हणजे लिंबाचं झाड. रोज सकाळी कानाला मफलर गुंडाळून, चहाचा कप हातात घेऊन तो त्यांच्याकडे बघत उभा राहायचा. एखादा तुकडा वीतभर सरकवायचा आणि दुकानात जायचा.

"काय हो, दोरी तुटली वाटतं?" शेजारीण भिंतीवरून डोकावली. "कपडे जमिनीवर वाळत घातलेत!" ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण तुकड्यांचा उपयोग होत होता. भिंतीलगतचं कापड सकाळच्या दवाने भिजायचं ते संध्याकाळपर्यंत ओलंच राहायचं. म्हणजे तिथे ऊन पोचतच नव्हतं. आणि नळावर जाता-येता ताईचा पाय रोज पट्ट्यांच्या कापडात अडकायचा.

"तुझा वाटाणा माझ्या वाटेत येतो," ती करवादली.

"मग वाटाण्यानेच सरकायला हवं," म्हणत त्याने कापड उचललं.

असे कितीतरी दिवस गेले. शेवटी ताईचा धीर सुटला. एक दिवस भाऊ दुकानात असताना तिने लिंबाचं रोप आणलं आणि स्वतःच खड्डा करून लावून टाकलं. संध्याकाळी शिंप्याने ते पाहिलं. वर छपराकडे पाहिलं.

"इथे पन्हळीचं पाणी पडतं, ताई. मुळं कुजतील."

"मग उपटून टाक!"

"अगं, पण एवढी घाई कसली? कुठे जायचंय का तुला?"

ताई मातीचे हात तसेच घेऊन पायरीवर बसली.

"जायचं नाही," ती म्हणाली. "पण राहा असं तरी कोण म्हणालं? थोडे दिवस येते म्हणून आले. कपडे अजून बॅगेतच आहेत. म्हटलं, निघायच्या आधी बाग तरी करून द्यावी, फुकट बसून खाल्लं असं नको. तू आपला रोज वीतभर कापड सरकवतोस. मला वाटलं, बाग टाळतोय म्हणजे मलाही टाळतोय."

शिंपी तिच्या शेजारी टेकला.

"ते वेगळं सांगायला हवं होतं का?" त्याने विचारलं.

"हवं होतं."

"लिंबाला फळ धरायला वर्षं लागतात. ते मी माझ्यासाठी लावणार होतो होय? मला लिंबू बाधतं."

"बाधतं म्हणे! लहानपणी सालासकट खायचास," ताई म्हणाली आणि पदराने नाक पुसलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उशिरा उघडलं. बायकोच्या साड्या कपाटात होत्या तशाच होत्या; त्या त्याने एकेक काढून ट्रंकेत ठेवल्या आणि दोन कप्पे रिकामे केले. ताईने बॅग उघडली.

लिंबू त्यांनी मातीच्या गड्ड्यासकट हलवलं, पण कुठे लावायचं हे ठरवायला आठवडा घेतला, आणि या वेळी वेळ लावला तो ताईने. आता चहा घेऊन तीही सकाळी बाहेर उभी राहू लागली. भावाने सरकवलेलं कापड ती त्याच्या माघारी परत सरकवायची. थंडी ओसरली तेव्हा कापडं उचलून त्यांच्याच कडेने दोघांनी कुदळीने रेघ मारली आणि दमत, बसत, भांडत सगळं अंगण स्वतः खणलं.

बाग पहिल्या वर्षी बेताचीच झाली. वाटाण्याला उशीर झाल्याने शेंगा मूठभरच आल्या. लिंबाने निम्मी पानं टाकली, पण ते जगलं. टोमॅटो मात्र भरपूर लागले. पाणी कोणी घालायचं यावरून दोघांचं अजून रोज वाजतं.