सकाळची मिरीची कॅप्सूल

ताईला हल्ली इस्त्री हातात धरल्या धरल्या पेंग यायची. परवा मनगटाला चटका बसला, तेव्हा लाँड्रीचा मालक म्हणाला, "बाई, झोपायचं तर घरी झोपा." नोकरी गेली तर चूल पेटणार कशी? घरातला दुसरा कमावता म्हणजे धाकटा भाऊ, आणि त्याचा प्रत्येक धंदा चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.

या खेपेला त्याने काळ्या मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल विकायला घेतल्या होत्या. म्हणे, खाल्लेलं अंगी लागतं. "पहिलं गिऱ्हाईक घरचं," म्हणत तो रोज सकाळी एक ताईच्या तळहातावर ठेवायचा. ताई ती फिट येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं चालू असलेल्या गोळीबरोबर मुकाट गिळायची. मिरीच ती, मिरीने काय होतंय?

पेंग काही थांबेना, तेव्हा भाऊ तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई रक्ताचा रिपोर्ट बघून चक्रावल्या. "गोळी तीच, डोस तोच. मग रक्तात औषध एवढं वाढलं कसं? दुसरं काही घेता का?"

"नाही," ताई म्हणाली.

भावाने तिच्याकडे पाहिलं. मग पिशवीतून डबी काढून टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी लेबल वाचलं. "भाजीतली चिमूटभर मिरी वेगळी, हा अर्क वेगळा. याने तुमच्या गोळीचा जोर वाढू शकतो, म्हणूनच ही पेंग. आजपासून बंद."

बसस्टॉपवर भाऊ तिच्याकडे वळला.

"खोटं का बोललीस?"

"तू शेजारी बसला होतास."

"म्हणून जिवावर बेतू द्यायचं?"

"तुझं तोंड पुन्हा उतरलेलं बघायचं त्राण नव्हतं रे माझ्यात."

त्याने फोन काढला. "काका, मी कॅप्सूलवाला. तुम्हाला कसली गोळी चालू आहे का? आहे ना? मग आपली कॅप्सूल घेऊ नका. आधी डॉक्टरांना विचारा. चूक माझी, मी आधीच विचारायला हवं होतं." मग दुसरा नंबर लावला. पलीकडचं माणूस तडकलं असावं, कारण तो नुसता "हो, माफ करा" एवढंच म्हणत राहिला.

बस आली. त्याने हातानेच खूण केली, पुढची पकडू. ताई पुन्हा बाकावर टेकली. आजवर या भावाच्या वतीने तीच लोकांपुढे हात जोडत आली होती. आज त्याचं तो जोडत होता, आणि तिला रडू आवरेना.