भिंतीची नाडी आणि संडासाचं कुलूप

जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या मजल्यावर ताईच्या दारात चपलांचा ढीग, आणि आत सगळी इमारत श्वास रोखून एका भिंतीकडे बघत होती. भिंतीपाशी पांढऱ्या कडक कपड्यांतला एक गलेलठ्ठ माणूस डोळे मिटून उभा होता. कानात डॉक्टरची नळी, आणि तिचं दुसरं टोक भिंतीवर.

"रडतेय," तो म्हणाला.

"कोण?" भावोजींनी विचारलं.

"भिंत. तुमचा लळा लागलाय तिला. ती तुम्हाला सोडत नाही, म्हणून घर विकलं जात नाही."

गर्दीने सुस्कारा सोडला. भिंतीला वरच्या मजल्याची ओल आलीय, हे त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण नळी लावली की ओलीचे अश्रू होतात.

हे भिंतवाले महाराज. मंदी हेच यांचं पीक. आमच्या इमारतीत 'विकणे आहे'च्या पाट्या उन्हाने पांढऱ्या पडल्या होत्या, एजंट फोन उचलत नव्हते. ताईचा दोन खोल्यांचा फ्लॅट वर्षभर तसाच पडून होता. विकायची हौस नव्हती, गरज होती. ताईच्या सासूबाईंना पक्षाघात झालेला, इमारतीला लिफ्ट नाही. डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे खुर्चीत बसवून दोघांनी उचलायचं. मागच्या खेपेला वळणावर खुर्ची कलंडली, तेव्हापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. पलीकडच्या गल्लीत तळमजल्याची जागा बघून ठेवली होती. तिचा मालक म्हणाला होता, "थोडे दिवस थांबतो, मग दुसऱ्याला देतो."

महाराज नळी गुंडाळून गेले आणि दुसऱ्याच दिवशी बेल वाजली. गिऱ्हाईक! नवरा-बायको. मग एकटा तरुण. मग दोघी बहिणी. सगळे खूश होऊन जात, "कळवतो" म्हणत, आणि कुणीच कळवत नसे.

"ओढ लागलीय," महाराज सांगत. "पण भिंतीची पकड सुटली नाही. अजून एक बैठक."

बैठक फुकट नव्हती. तळमजल्यासाठी साठवलेले पैसे भिंतीच्या औषधपाण्यात चालले होते. माझे भावोजी बँकेत कर्ज विभागात. सायकलसाठी कर्ज मागायला आलेल्याला पन्नास प्रश्न विचारणारा माणूस. महाराजांना त्यांनी एकही विचारला नाही. "अरे, पण गिऱ्हाइकं येतायत ना?" एवढंच ते मला ऐकवत. आणि खालचे-वरचे शेजारी आपापल्या भिंती तपासून घ्यायला रांग लावून उभे.

ताईच्या सासूबाई गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सगळी इमारत त्यांना बाईच म्हणते. त्या दिवसभर बाहेरच्या खोलीत खुर्चीवर. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"पाच पोरांनी पेपरात एकच वाक्य लिहिलं, तर काय समजायचं?"

"नक्कल."

"हे सगळे आले आणि म्हणाले, 'पाऊल टाकलं आणि डोकं शांत झालं.' काना-मात्रेचा फरक नाही. आणि एकानेही नळ सोडून बघितला नाही रे. वर्षभरात जी खरी गिऱ्हाइकं आली, ती माझ्याशी बोलायच्या आधी संडास बघून आली." त्यांनी तोंड वाकडं केलं. "उद्या संडासाला कुलूप लाव."

"आणि आपण कुठे जायचं, बाई?"

"तुम्ही शेजारी जा. मी कळ काढीन. पोटात रागाची आग आहे, तेवढी पुरेल."

दुसऱ्या दिवशी महाराजांची 'शेवटची' बैठक होती. घर पुन्हा गच्च. बैठक संपता संपता बेल वाजली. गर्दी शहारली. काळा चष्मा लावलेला एक उंच तरुण आला, खोल्यांतून फिरला, गॅलरीत उभं राहून त्याने लांब श्वास घेतला.

"पाऊल टाकलं आणि डोकं शांत झालं."

"सगळं घर बघितलंत?" बाईंनी विचारलं.

"कोपरान् कोपरा, आजी."

"संडास कसा वाटला?"

"एकदम स्वच्छ. हवेशीर."

बाईंनी पदराखालून किल्ली काढून वर धरली. "सकाळपासून कुलूप आहे त्याला. म्हणजे बंद दारातून शिरलात. महाराजांपेक्षा मोठे सिद्धपुरुष तुम्हीच."

तरुणाने चष्मा काढला आणि महाराजांकडे बघितलं. "मामा, संडासाचं तुम्ही काही बोलला नव्हतात."

मामा. खोलीभर तो शब्द घरंगळत गेला.

"घरात नकारात्मक शक्ती आहे," मामा पुटपुटले.

"आहे ना, खुर्चीत बसलीय," बाई म्हणाल्या. "ती नळी माझ्या छातीला लावा. बाहेर पडायला तडफडतेय ती मी आहे, भिंत नाही."

मग सगळं ओकून झालं. नवरा-बायको म्हणजे मामांची मुलगी आणि जावई, आधीचा एकटा तरुण दुसरा भाचा, दोघी बहिणी पुतण्या. सगळं खानदान दुसऱ्यांची घरं बघत पोट भरत होतं. पैसे परत केल्याशिवाय शेजाऱ्यांनी त्यांना जिना उतरू दिला नाही. पण तेच शेजारी काल रांगेत होते, हेही मी विसरणार नाही.

भावोजी मान खाली घालून बसले होते.

"वरच्या मजल्यावाल्याला तेजीत मिळालेला भाव तुला मंदीत हवाय," बाई म्हणाल्या. "भिंतीने काही धरलेलं नाही. तू धरलंयस. सोड."

भाव उतरवला. काही दिवसांनी एक नर्स आली. आल्या आल्या संडासात शिरली, पाणी सोडलं, नाक मुरडत बाहेर आली. "पाण्याला जोर नाही. भिंतीला ओल आहे. लिफ्ट नाही. भाव अजून खाली आणा, मग बोलू."

बाई खुदकन हसल्या. "सूनबाई, चहा टाक. गिऱ्हाईक आलं."

आज बाई तळमजल्याच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाढे विचारतात.

लोकहो, दहा रुपयांची भाजी घेताना तुम्ही जुडी सोडून बघता. महाराजांपुढे मात्र डोळे मिटता. ते मिटू नका. खऱ्या गोष्टीला खोड काढलेली चालते, खोटीला नाही. कुणी चमत्कार घेऊन दारात आला, तर वाद घालत बसू नका. घरातलं एक दार बंद ठेवा, आणि आत काय आहे ते त्याला विचारा.